तिखे, पोलाद आणि कमानपाटा : पात्याच्या धातूची निवड व तिची नावे

१

सुरी, विळा किंवा कुऱ्हाड घडवणाऱ्या कारागिराला घण उचलण्यापूर्वी एक निर्णय करावा लागतो. समोर असलेला तुकडा धार धरील की नाही, हे त्याला आधीच ठरवावे लागते. हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. नरम लोखंड आणि पोलाद डोळ्यांना सारखीच दिसतात, भट्टीत सारखीच लाल होतात आणि पावसात सारखीच गंजतात. त्यांच्यातील भेद कर्बाच्या प्रमाणाचा असतो, आणि कर्ब दिसत नाही. शेकडा पाव भागाहून कमी कर्ब असलेले लोखंड तापवून पाण्यात बुडवले तरी त्याला धारेपुरते काठिण्य येत नाही. अर्ध्या भागाच्या आसपास ते येऊ लागते. सुरी, वस्तरा, कानस या हत्यारांना पाऊण ते सव्वा भाग कर्ब असलेला धातू मानवतो. कर्ब दोन भागांच्या पुढे गेला की बीड तयार होते व ते घणाखाली फुटते. हत्याराच्या पोलादाची मर्यादा अशी फार अरुंद आहे.

कर्बाचे हे महत्त्व रसायनशास्त्राला अठराव्या शतकाच्या अखेरीस उमगले. स्वीडनच्या टोर्बर्न बर्गमनने १७८१ साली लोखंड, पोलाद व बीड यांतील भेद या द्रव्याशी जोडला. १७८६ साली व्हान्देरमोंद, बेर्तोले व मोंज या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तो कर्बच होय असे दाखवले. परंतु पोलादाची पाती त्यापूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे घडत होती. कर्ब ठाऊक नसताना कारागीर योग्य धातू निवडीत होता, तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न धातुविद्येइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे. कारण या निवडीचा आधार बहुधा नावात साठवलेला असतो. मराठीत पोलादाला जी नावे मिळाली त्यांचे चार थर पाडता येतात. काही नावे धातूच्या गुणावरून पडली, काही त्याच्या मूळ देशावरून, काही तो ज्या वस्तूतून मिळतो त्या वस्तूवरून, आणि अगदी अलीकडची आकड्यांवरून. नाव देण्याची रीत बदलली त्या त्या वेळी कारागिराने विश्वास ठेवण्याची जागाही बदलली, असे या थरांवरून दिसते. वाशीम परिसराच्या संदर्भात हा क्रम विशेष स्पष्टपणे मांडता येतो. या भागाची भूमी काळ्या पाषाणाची व काळ्या मातीची आहे. पोलाद येथे नेहमी बाहेरून आले आणि निवडूनच घ्यावे लागले.

२

गुणावरून पडलेले नाव सर्वांत जुने आहे. संस्कृत तीक्ष्ण या विशेषणाचे प्राकृतात तिक्ख झाले आणि त्यातून मराठीत तिखे हे नाम सिद्ध झाले. तिखट आणि तिखे हे शब्द एकाच मूळाचे आहेत. एक जिभेला झोंबते, दुसरे बोटाला. १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मोल्सवर्थच्या कोशात तिखे या शब्दाचा अर्थ पोलाद असाच दिला आहे, तेव्हा एकोणिसाव्या शतकापर्यंत हा शब्द व्यवहारात होता यात शंका नाही. ज्या धातूला धार येते तो तिखे, एवढीच त्याची व्याख्या. नावातच कसोटी होती.

संस्कृत ग्रंथांतही हेच वर्गीकरण आढळते. रसरत्नसमुच्चयात लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन प्रकार सांगून तीक्ष्णाचे खर, सार, हृन्नाल, तारावट्ट, वाजिर व काललोह असे सहा पोटभेद दिले आहेत. हे वर्गीकरण वैद्याच्या भस्मांसाठी केलेले असले तरी धातूची तोडण्याची, वाकण्याची व पाणी घेण्याची वृत्ती त्याच्या मुळाशी आहे. मुंड म्हणजे नरम लोखंड आणि तीक्ष्ण म्हणजे पोलाद, हे समीकरण त्यावरून स्थूलमानाने बसवता येते.

वाशीमच्या संदर्भात तिक्ख या प्राकृत रूपाला विशेष अर्थ आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा, त्याच्या ३७व्या राज्यवर्षातील वाशीम ताम्रपट चौथ्या शतकाच्या उत्तरार्धाचा मानला जातो. म. म. वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळे तो विद्वानांना परिचित आहे. वंशावळीचा भाग संस्कृतात व दानाचा व्यावहारिक भाग मुख्यतः प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. या नगरावरून वच्छोमी हे काव्यरीतीचे नाव पडले आणि राजशेखराने काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह येथेच लावला, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या काळी या प्रदेशातील लोहाराच्या तोंडी तीक्ष्ण हे संस्कृत रूप नव्हे, तर त्याचे प्राकृत रूपच असणार, असे अनुमान ताम्रपटाच्या भाषेवरून करण्यास हरकत नाही.

वाकाटकांच्या आधीही विदर्भात लोखंडाची परंपरा दीर्घ होती. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट, खापा, माहुरझरी व नायकुंड येथील महापाषाणीय दफनांतून लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या व खंजीर मिळाले आहेत. आडव्या पट्ट्यांनी दांड्याला आवळलेल्या कुऱ्हाडी हे या संस्कृतीचे वैशिष्ट्य आहे, आणि माहुरझरीला तांब्याच्या मुठीचे लोखंडी खंजीरही सापडले आहेत. नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात झालेल्या उत्खननात शां. भा. देव व अ. प्र. जामखेडकर यांना लोखंड गाळण्याची मातीच्या विटांची वर्तुळाकार भट्टी मिळाली. तिचा काळ इ. स. पू. ७००च्या सुमाराचा मानतात. पूर्व विदर्भात अशी धातुके असताना वाशीमच्या पठाराखाली मात्र केवळ काळा पाषाण आहे, हा भेद पुढील सर्व इतिहासात कायम राहिला.

हाच काळा पाषाण वत्सगुल्माच्या राज्यकर्त्यांच्या काळात अजिंठ्याला कोरला गेला. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करवले, हे तेथील शिलालेखावरून निश्चित आहे. अग्निजन्य खडकावर नरम लोखंडाची टाकी चार घावांत बोथट होते. एका लेण्यासाठी असंख्य टाक्या पुन्हा पुन्हा तापवून, टोक काढून, पाणी देऊन वापराव्या लागल्या असल्या पाहिजेत. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण मराठीत दगडाच्या बाजूने बोलते. टाकीच्या टोकाला तिखे होते म्हणूनच ते घाव शक्य झाले, ही तिची न सांगितलेली बाजू होय.

३

निवडीचे दुसरे अंग पाणी. योग्य कर्बाचे पोलाद लालबुंद तापवून एकदम थंड केले म्हणजे ते कठीण होते. या क्रियेला मराठीत पाणी देणे म्हणतात, आणि अतिउष्णतेने काठिण्य नष्ट झाले तर हत्याराचे पाणी उतरले असे म्हणतात. पाणीदार हे विशेषण व पाणी जोखणे हा वाक्प्रचार ही या क्रियेचीच स्मृती मानावी लागेल. माणसाचे पाणी जोखायचे म्हणजे संकटाच्या आगीतून काढल्यावर तो कसा टिकतो ते पाहायचे.

या शब्दांची परंपरा किती जुनी आहे, याचा पुरावा सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानातील शस्त्रावचारणीय अध्यायात शल्यचिकित्सेची शस्त्रे निपुण लोहाराकडून शुद्ध लोहाची करवून घ्यावीत असे सांगून त्यांना क्षार, उदक व तेल अशा तीन द्रवांत पायना द्यावी, असे म्हटले आहे. क्षारात पाजलेली शस्त्रे बाण, शल्य व अस्थी तोडण्यासाठी, उदकात पाजलेली मांसासाठी आणि तेलात पाजलेली शिरावेध व स्नायुच्छेदासाठी वापरावीत, असा भेद तेथे केला आहे. धारेच्या सूक्ष्मतेचे मानही दिले आहे : कोठे मसुरीएवढी, कोठे अर्ध्या मसुरीएवढी, कोठे केसाएवढी आणि छेदनाच्या शस्त्राला अर्ध्या केसाएवढी. आधुनिक धातुशास्त्राच्या दृष्टीनेही या त्रिविध पायनेत तथ्य आहे. क्षारजलात उष्णता सर्वांत जलद निघते, साध्या पाण्यात त्याहून मंद आणि तेलात सर्वांत मंद. म्हणून पहिल्याने काठिण्य अधिक येते, तर तिसऱ्याने नाजूक पाते तडकण्याचे भय कमी होते.

पायना हे नाम पिणे या अर्थाच्या पा धातूच्या प्रयोजक रूपापासून झाले आहे. शस्त्राला द्रव पाजायचा, ही त्यामागील कल्पना. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत केळीचा क्षार व ताक यांच्या मिश्रणात पाजलेले लोह दगडावर भंगत नाही व दुसऱ्या लोहावर बोथट होत नाही असे सांगितले आहे, आणि तेथेही याच धातूचे रूप योजले आहे. मराठीत मुलाला दूध पाजणे आणि विळा पाजवणे हे दोन प्रयोग शेजारी शेजारी नांदतात. पाजवणे याचा आजचा अर्थ दगडावर वा कानशीने धार लावणे एवढाच उरला आहे. तथापि मूळात तो पाणी पाजण्याशी निगडित असावा असे शब्दाचे रूप सुचवते. धार ही धातूने प्यालेल्या पाण्यातून येते, ही जुनी समजूत त्या क्रियापदात अजून टिकून आहे.

४

गुणवाचक नावाला कारागिराच्या हाताची कसोटी पुरे होती. परंतु माल लांबून येऊ लागला, व्यापाऱ्याच्या हातून मिळू लागला, तेव्हा विकत घेण्यापूर्वी प्रत्येक तुकडा तापवून पाहणे शक्य नव्हते. मग मूळ स्थान हीच हमी झाली.

वाशीमच्या सर्वांत जवळचे नामांकित पोलाद गोदावरीच्या खोऱ्यातले होते. मोगल काळात वाशीम हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात इंदूर व निर्मळ येथे पोलादाच्या खाणी असल्याचे अबुल फजलने नमूद केले आहे. इंदूर म्हणजे आजचे निजामाबाद. पोलादाची खाण असत नाही. खाण धातुकाची असते व पोलाद भट्टीत होते. तरीही मोगल दरबारी लेखकाला त्या प्रदेशाची ओळख लोखंडाने न होता पोलादाने व्हावी, हे त्याच्या कीर्तीचे गमक आहे. पैनगंगा ओलांडून हिंगोली व नांदेडच्या वाटेने वाशीमचा व्यवहार गोदावरीच्या मुलखाशी होता. उत्तरेकडे कारंजा ही वऱ्हाडातील संपन्न पेठ होती. शिवाजी महाराजांनी १६७० साली तिच्यावर स्वारी केली ती या संपन्नतेमुळेच.

गोदावरीकडील पोलाद कसे होत असे, याचे प्रत्यक्ष वर्णन हेन्री व्हॉयसी या भूशास्त्रज्ञाने केले. तो १८२४ साली वारला आणि त्याचा लेख १८३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निर्मळच्या दक्षिणेस असलेल्या कोनासमुद्रम येथील कारागीर दोन निरनिराळ्या ठिकाणचे लोखंड तीनास दोन या प्रमाणात मिसळून मातीच्या मुशीत घालीत, सुमारे २४ तास भट्टी पेटती ठेवीत आणि मुशीतून सुमारे दीड रत्तल वजनाची वडी काढीत. ही वडी अतिशय कठीण असे. म्हणून तिला माती लिंपून पुन्हा अनेक तास तापवीत, आणि ती घणाला मानवेल इतकी मऊ होईपर्यंत हे तीनचार वेळा करीत. इराणचे व्यापारी तेथे मुक्काम करून स्वतःच्या देखरेखीखाली माल तयार करवून घेत. या वर्णनातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोलाद निवडण्यापूर्वी लोखंडाची निवड होत होती. दोन गावांच्या लोखंडांचे ठरलेले मिश्रण हेच तेथील रहस्य होते. उत्तर तेलंगणातील या भट्ट्यांच्या अवशेषांचे विस्तृत सर्वेक्षण बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था व एक्झेटर विद्यापीठ यांनी २०१० साली केले, आणि व्हॉयसीने पाहिलेला उद्योग किती पसरलेला होता ते त्यावरून दिसून आले.

हेच मुशीतले पोलाद युरोपात वूट्झ नावाने गाजले. कानडी व तेलुगूतील उक्कु या पोलादवाचक शब्दाचे ते विकृत रूप होय, असे सामान्यतः मानतात. हा शब्द युरोपात पोहोचला तो मुंबईहून. मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पोलादाचे नमुने पाठवले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली त्यांवर निबंध वाचला. पुढे लोहाराचा मुलगा असलेल्या मायकेल फॅरडेने १८१९ साली या पोलादाचे पृथक्करण केले व सुऱ्या घडवणाऱ्या जेम्स स्टोडार्टसह त्याचे अनुकरण करण्याचे प्रयोग केले. या पोलादातील कर्ब सामान्यतः सव्वा ते पावणेदोन भाग असे. इतक्या कर्बाचे पोलाद अधिक तापवले तर घणाखाली भुगा होते. युरोपातील अनेक लोहारांना ते घडवता आले नाही, याचे कारण धातूतील दोष नसून त्यांच्या भट्टीची सवय हे होते. चांगल्या धातूची निवड त्याला साजेल अशा हाताशिवाय पुरी होत नाही.

या दुसऱ्या थरातील शब्द मराठीत पुष्कळ आहेत. पोलाद हा शब्द फारसीतून आला आणि त्याने तिख्याला हळूहळू बाजूला सारले. शस्त्रांच्या व्यापाराची भाषा ती होती, हे त्याचे कारण दिसते. युरोपीय पात्याची सरळ तलवार फिरंग झाली. येथे तलवारीचे नावच तिच्या पोलादाच्या मूळ देशाचे नाव आहे. गजवेल हे उत्तम जातीच्या लोखंडाचे नाव मात्र जुन्या वळणाचे राहिले. कोयता या शब्दाचा संबंध द्राविड भाषांतील कापणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. पात्याचे नाव दक्षिणेचे, धातूचे नाव इराणचे आणि धारेचे क्रियापद संस्कृत-प्राकृत परंपरेचे, असा संगम एकाच हत्यारात झालेला आहे.

५

एकोणिसाव्या शतकात ही व्यवस्था कोसळली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६७ साली मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी आली आणि तिच्याबरोबर बिलायती लोखंडाच्या कांबी व पट्ट्या वऱ्हाडच्या पेठांत स्वस्त झाल्या. बेसेमरने १८५६ साली शोधलेल्या पद्धतीने पोलाद टनांच्या हिशेबाने निघू लागले होते. जंगलाचा कोळसा महाग झालेला व मुशीतली वडी दीड रत्तलाची, अशा स्थितीत गोदावरीकाठची भट्टी टिकणे शक्य नव्हते. देशी पोलादाचा विचार पुन्हा झाला तो मोठ्या प्रमाणावर, आणि त्याचेही एक टोक विदर्भात आहे. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील धातुकावर रिटर फोन श्वार्ट्झ यांनी लिहिलेला अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. शोधाअंती कारखाना साकची येथे झाला व १९१२ साली तेथे पोलाद निघू लागले.

गावच्या लोहाराला मात्र कारखान्याचे हत्यारी पोलाद क्वचितच परवडे. बलुतेदार लोहाराचे मुख्य काम शेतीच्या अवजारांचे. वऱ्हाडच्या काळ्या मातीत वखराची पास आणि डवऱ्याचे पाते ही सर्वांत अधिक झिजणारी पाती. झिजलेल्या पासेला तापवून पुन्हा धार काढण्याला शेवटणे म्हणतात, आणि पेरणीपूर्वी लोहाराच्या भात्यापाशी पास शेवटून घेणाऱ्यांची गर्दी होई. गावोगाव हिंडणारे घिसाडीही हेच काम करीत. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लोहार, खाती, घंटरा, घिसाडी व पांचाळ यांची नोंद एकत्र केली आहे. जेथे उत्तम धार हवी तेथे, उदाहरणार्थ कुऱ्हाडीला, सबंध पाते पोलादाचे न करता नरम लोखंडाच्या मुखात पोलादाची पट्टी बसवीत आणि टाकणखार घालून घणाने ती जोडीत. महाग धातू धारेपुरता आणि स्वस्त धातू अंगाला, ही काटकसर नुसती पैशाची नव्हती. नरम अंग घाव सोसते व कठीण मुख तोडते, म्हणून असे पाते सबंध पोलादी पात्यापेक्षा चिवट होई.

विसाव्या शतकात या लोहाराला एक नवी खाण सापडली, ती मोडीची. मोटारी आल्या, मालमोटारी व एस. टी.च्या गाड्या आल्या, आणि त्यांच्या मोडलेल्या भागांतून उत्तम पोलाद बाजारात येऊ लागले. कारखान्याने ज्या वस्तूला ताण, घर्षण किंवा धार सोसण्यासाठी खास पोलाद वापरले, ती वस्तू मोडली तरी तिच्यातील पोलाद मोडत नाही, हे लोहाराने ओळखले. येथून नावांचा तिसरा थर सुरू होतो. कमानपाटा, कानस, बेअरिंग, करवतीचे पाते ही वस्तूंची नावे लोहाराच्या बोलीत धातूंची नावे झाली. अमुक विळा कमानपाट्याचा आहे, असे म्हटले की त्याची जात कळते.

या नावांमागे नेमके ज्ञान आहे. गाडीच्या कमानपाट्यात कर्ब अर्ध्या ते पाऊण भागाच्या दरम्यान असून त्याबरोबर सिलिकॉन व मँगेनीज किंवा क्रोमियम असते. ते तेलात पाणी घेते, तडकत नाही, म्हणून कोयता, विळा व कुऱ्हाड यांना योग्य. जुन्या चांगल्या कानशीत कर्ब एक भागाहून अधिक असतो. तिची सुरी केसासारखी धार घेते, पण आघाताने तुकडा उडतो. बेअरिंगच्या कड्यात सुमारे एक भाग कर्ब व दीड भाग क्रोमियम असते. ते झिजत नाही, पण घडवण्यास हट्टी. बैलगाडीच्या चाकाची धाव मात्र पात्याला निरुपयोगी. ती तापवून चाकावर चढवायची असल्याने मुद्दाम नरम लोखंडाची असे. यंत्रशाळेतील वेगवान पोलादाचे पाते हा आणखी निराळा प्रकार. त्यात टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम असल्याने त्याला पाणी देण्यासाठी १२०० अंशांच्या वर उष्णता लागते. कोळशाच्या उघड्या भट्टीत ती नेमकी राखणे लोहाराला साधत नाही. म्हणून जाणता लोहार असे पाते न तापवता नुसते घासून सुरी करतो.

६

वस्तूच्या नावावर कितीही भिस्त असली तरी लोहार नावावर थांबत नाही, तो परीक्षा घेतो. या परीक्षांचा क्रम असा सांगता येतो. प्रथम घाव घालून आवाज ऐकणे. कठीण पोलादाचा नाद स्वच्छ व लांबणारा, नरम लोखंडाचा बद्द. नंतर सहाणेच्या चाकावर ठिणग्या पाहणे. नरम लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ रेषांच्या असतात, कर्ब वाढेल तसतशा त्या आखूड होऊन टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. विजेवर चालणारी चाके आल्यावर ही परीक्षा सर्वत्र रूढ झाली. शेवटची परीक्षा तुकड्याची. लहान टोक लाल तापवून पाण्यात बुडवायचे, कानस घसरते की खाते ते पाहायचे, आणि मग घणाने मोडायचे. वाकले तर ते नरम. कोरडे तुटून आत बारीक करड्या रव्याचा भंग दिसला तर ते पोलाद, आणि त्याची उष्णताही योग्य साधली. भंग जाड व चमकदार रव्याचा असेल तर पोलाद चांगले असूनही अधिक तापले, असा अर्थ.

पाणी देतानाही डोळा हेच मोजमाप. सुमारे ७७० अंशांना लोखंडाचे चुंबकत्व जाते, आणि पाणी देण्याची उष्णता साध्या हत्यारी पोलादाच्या बाबतीत त्याच्या किंचित वर असते. म्हणून काही कारागीर लोहचुंबक जवळ ठेवतात. जुनी रीत अशी की नुसती धार पाण्यात बुडवायची, वर काढून दगडाने एक पट्टा चकाकवायचा आणि अंगातील उरलेली उष्णता धारेकडे सरकताना रंग पाहायचा. प्रथम फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा व निळा असे रंग येतात. सुरीला पिवळ्यावर, कुऱ्हाडीला जांभळ्यावर थांबवून सबंध पाते थंड करायचे. हे रंग सुमारे २२० ते ३०० अंशांच्या दरम्यान येतात. अतिकठीण धार या क्रियेने थोडी निवते व चिवट होते. रंगाची ही भाषा कोणत्याही ग्रंथावाचून पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे.

निवड चुकली तर तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हेही पाहिले पाहिजे. वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्यापूर्वी १९०५ पर्यंतही तो स्वतंत्र जिल्हा होता. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा व वाशीम या त्याच्या सहाही तालुक्यांत आज सोयाबीन हे मोठे पीक आहे. ते विळ्याने कापतात तेथे मजुरी बहुधा एकराच्या हिशेबाने, उक्ती असते. वाळलेले खोड कठीण, आणि कापणी जमिनीलगत, मातीखड्यांत चालते. साध्या पट्टीचा विळा असेल तर त्याची धार वळते, दर थोड्या वेळाने हात थांबवून ती पाजवावी लागते, आणि जो वेळ पाजवण्यात जातो तो मजुरीतून जातो. कर्बाचा शेकडा अर्धा भाग अशा रीतीने कापणाऱ्या बाईच्या दिवसाच्या कमाईत उतरतो.

७

तिसऱ्या थरातील नावांची हमी अलीकडे ढिली होत चालली आहे. एकेकाळी कानस म्हटले की आरपार हत्यारी पोलाद, असे गृहीत धरता येई; आज स्वस्त कानशी नरम पोलादाच्या करून फक्त पृष्ठभागाला कर्ब दिलेला असतो, आणि अशी कानस घासून पाते केले की कठीण थर निघून जातो. करवतीच्या पात्यात दातांची कडा एका पोलादाची व पाठ दुसऱ्याची असते. वर्षानुवर्षे हेलकावे सोसलेल्या कमानपाट्यात सूक्ष्म तडे असतात, ते पाणी देताना उघडे पडतात. वस्तू तीच, नाव तेच, पण आतील धातू बदललेला. म्हणजे नाव आणि गुण यांची फारकत झाली आहे.

चौथा थर आकड्यांचा. कारखान्यातील पोलादाला प्रमाणसंस्थेने दिलेला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावरून कर्ब, मँगेनीज, क्रोमियम यांचे प्रमाण व पाणी देण्याची उष्णता कळते. शहरात नव्याने सुऱ्या घडवू लागलेले हौशी कारागीर असे क्रमांकित पोलाद विकत घेतात, आणि त्यांचे करणे योग्यच आहे. ज्ञात धातूत एकदा साधलेली गोष्ट पुन्हा साधता येते. मोडीतील धातूत तसे होत नाही. परंतु क्रमांक हा भाषेच्या दृष्टीने मुका आहे. तिखे या शब्दात धार होती, फिरंग या शब्दात देश होता, कमानपाटा या शब्दात ताण होता. आकड्यात काहीच ऐकू येत नाही, त्यासाठी कोष्टक हाती असावे लागते. आठवडी बाजारात भाता लावून बसणाऱ्या लोहारापर्यंत ते कोष्टक मराठीत पोहोचलेले नाही.

दरम्यान घरगुती भाषेत आणखी एक बदल झाला. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद शोधले. ते भांड्यांच्या रूपाने स्वयंपाकघरात शिरले आणि स्टील हा शब्द मराठीत त्या चकचकीत, न गंजणाऱ्या धातूला चिकटला. कैरी चिरल्यावर काळी पडणारी विळी त्यामुळे लोखंडाची ठरली, आणि ताटवाटी स्टीलची. वस्तुतः विळीचे पाते हेच हत्यारी पोलाद होते, आणि ताटवाटीच्या धातूला सामान्य रीतीने पाणी देताच येत नाही. ज्या धातूला धार येते त्याचे नाव गेले व ज्याला येत नाही त्याला ते मिळाले, असा हा शब्दार्थाचा विपर्यास आहे. तिखे हा शब्द नाहीसा झाल्याचे नुकसान येथे दिसते. तो असता तर हा घोटाळा झाला नसता.

८

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की पात्याच्या धातूची निवड हा नावावरचा विश्वास आणि हाताची परीक्षा यांचा व्यवहार आहे. नावे तीन वेळा बदलली. परीक्षा मात्र मूळात तीच राहिली. सुश्रुताने सांगितलेली त्रिविध पायना, कोनासमुद्रमच्या कारागिराने वडी मऊ होईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवणे आणि आजच्या लोहाराने तुकडा मोडून त्याचा रवा पाहणे, या एकाच विद्येच्या तीन नोंदी आहेत. नाव खोटे ठरले तरी परीक्षा धातूचे खरे रूप दाखवते, म्हणून निवडीचा अखेरचा आधार तीच आहे.

दुसरी गोष्ट शब्दसंग्रहाविषयी. मराठी कोशांत धातूंची नावे बऱ्यापैकी आली आहेत. परंतु परीक्षांची भाषा, म्हणजे नाद, ठिणगी, भंग, रवा, रंग, पाणी यांविषयी लोहार जे नेमके बोलतो ती भाषा, अद्याप पुरेशी नोंदली गेलेली नाही. शेवटणे व पाजवणे यांसारखी क्रियापदे वखराबरोबर मागे पडत आहेत, आणि ट्रॅक्टरच्या फाळाला ती लागत नाहीत. कोशकाराने हे शब्द नुसत्या अर्थासह न घेता क्रियेसह घ्यावयास हवेत : कोणत्या धातूला, कोणत्या रंगावर, कोणत्या द्रवात. असा संग्रह झाला तर त्याचा उपयोग भाषाशास्त्राला जितका होईल तितकाच, पोलादाच्या क्रमांकांचे कोष्टक लोहाराच्या बोलीत उतरवू पाहणाऱ्या धातुशास्त्रज्ञालाही होईल. वाशीमसारख्या ज्या भागात पोलाद कधीच पिकले नाही आणि नेहमी पारखूनच घ्यावे लागले, तेथील बोलीत ही पारखीची भाषा अधिक समृद्ध असण्याचा संभव आहे. संग्रहाचा प्रारंभ तेथून करणे सयुक्तिक ठरेल.